उजवीकडची खुर्ची

“अण्णा, हात मांडीवर ठेवा. तिला बोलावायचं नाही, खुणावायचं नाही, आणि हसायचंही नाही,” मी म्हणाले.

“हसू नको म्हंजे?” भूपालअण्णा मगदूम म्हणाले. “बहीण हाय माझी.”

“म्हणूनच.”

त्यांच्यापासून चार हातांवर, दुसऱ्या खुर्चीत, त्यांची धाकटी बहीण पद्मजाबाई आवटी बसल्या होत्या. त्या सांगलीतल्या एका शाळेत गणित शिकवत. हात मांडीवर, पाठ ताठ आणि चेहरा परीक्षेच्या हॉलमध्ये फिरणाऱ्या पर्यवेक्षकाचा. त्यांना काही सांगावं लागलं नाही. मला मात्र, आपणच मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम ठरवलाय आणि दाखवायला पाहुण्यांनाच बसवलंय, असं उगाच वाटून गेलं.

निवड करायची होती ती राजीनं. राजी म्हणजे राजमती, या दोघांची सर्वांत धाकटी बहीण. वय एकेचाळीस. ती बोलत नसे. साधी वाक्यं तिला कळत, ओळखीचं माणूस कळे, पण हवं-नको सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. ती माझ्याशेजारी दाराशी उभी होती आणि माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“राजी, कुणाकडे जायचं?”

राजी चालत गेली आणि पद्मजाबाईंपाशी थांबली. मी वहीत खूण केली, अर्धं मिनिट जाऊ दिलं, तिला परत दाराशी आणलं आणि पुन्हा विचारलं. असं दहा वेळा. त्यांतल्या नऊ वेळा ती पद्मजाबाईंकडे गेली. दहाव्या वेळी रस्त्यावरून भोंगा लावलेला टेम्पो चालला होता, तेव्हा ती खिडकीकडे गेली. अण्णांकडे ती एकदाही गेली नाही.

अण्णा गुडघ्यावर हात दाबून उठले. दोन महिन्यांपूर्वीच त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

“बरं,” ते म्हणाले. “शास्त्रच म्हणतंय तर मी कोण. रविवारी तिची कापडं आणून सोडतो.”

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, बाहेरगावी कोर्स करून नुकतीच सांगलीला आले होते, आणि विश्रामबागेतल्या एका लहानशा केंद्रात कामाला लागले होते. ज्यांना बोलता येत नाही, किंवा बोलून आपली आवड सांगता येत नाही, अशा माणसांची आवड शोधून काढायच्या पद्धती मी शिकले होते. आवड कळली की तिच्या आधारानं पुढचं शिकवता येतं. वस्तू एकेक करून पुढे ठेवायची एक पद्धत असते, दोन-दोनच्या जोड्या ठेवायची दुसरी, सगळ्या एकदम मांडायची तिसरी. माझं प्रेम जोड्यांवर होतं. आठ वस्तू घेतल्या की अठ्ठावीस जोड्या होतात, आणि शेवटी पहिला नंबर, दुसरा नंबर अशी झकास यादी हातात येते. राजी केंद्रात कागदी पिशव्या करायला शिकत होती. तिच्या अठ्ठावीस जोड्या मी पहिल्याच महिन्यात लावल्या होत्या. पहिला नंबर भडंगाला मिळाला होता. ते शोधायला अठ्ठावीस जोड्या कशाला लागल्या, असं आमच्या केंद्राच्या प्रमुख मुजावर मॅडमनी तेव्हा विचारलं होतं. सांगलीत पहिला नंबर दुसऱ्या कशाला मिळाला असता तर आपण पेपरात दिलं असतं, असंही म्हणाल्या होत्या.

राजी आणि तिची आई दानोळीत राहत. आई गेली, आणि जाण्याआधी तिनं दोन्ही मुलांकडून वेगवेगळा शब्द घेतला. “राजीला तूच सांभाळ,” असं अण्णांना सांगितलं, आणि पद्मजाबाईंनाही. दोघांनीही होय म्हटलं, आणि दोघंही शब्दाचे पक्के. त्यामुळे राजी एक आठवडा अण्णांकडे जयसिंगपूरला आणि एक आठवडा पद्मजाबाईंकडे सांगलीला, असं सुरू झालं. दर सोमवारी घर बदलायचं. त्या दिवशी ती जेवत नसे. पुढं पुढं मंगळवारीही जेवेनाशी झाली. एकच घर हवं, हे मीच दोघांना सांगितलं. मग कुठलं, यावर वाद सुरू झाला. पद्मजाबाई म्हणत, अण्णांच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे, दिवसभर धडधड, आणि राजी आवाजानं कानांवर हात ठेवते. अण्णा म्हणत, तू दिवसभर शाळेत, तिच्याकडं बघणार कोण. शेवटी पद्मजाबाईच म्हणाल्या, “तुमच्याकडे आवड शोधायची परीक्षा असते ना? मग आमची घ्या.”

मुजावर मॅडम तेव्हा पंधरा दिवसांसाठी पुण्याला गेल्या होत्या. त्या येईपर्यंत थांबावं असं मला एकदाही वाटलं नाही. उलट, त्या यायच्या आत चार पानांचा अहवाल तयार असावा असं वाटलं. तो मी टाइप करून घेतला, सही केली आणि दोघांनाही एकेक प्रत दिली.

मॅडम परत आल्या. पंधरवड्याचं टपाल बाजूला सारून त्यांनी आधी माझा अहवाल वाचला. चारही पानं वाचली. मग चष्मा काढला.

“छान लिहिलंयस,” त्या म्हणाल्या. “समासही सुरेख सोडलेत. एकच विचारू?”

“विचारा ना.”

“कुठल्या बाजूला कोण बसलं होतं?”

“पद्मजाबाई उजवीकडे, अण्णा डावीकडे.”

“दहाही वेळा?”

जोड्यांच्या पद्धतीत वस्तूंच्या बाजू बदलत राहायच्या असतात. उजवीकडची डावीकडे, डावीकडची उजवीकडे. कोर्समध्ये हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि वस्तूंच्या वेळी मी ते चोख पाळलंही होतं. पण ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांच्या माणसाला दहा वेळा उठा-बसा करायला लावायचं मला संकोचाचं वाटलं होतं. आणि पद्मजाबाईंना दर अर्ध्या मिनिटाला जागेवरून उठवायची माझी छाती झाली नव्हती.

“अण्णांचा गुडघा...” मी म्हणाले.

“हो, ते आलंय अहवालात. पान दोन. ‘ज्येष्ठ बंधूंच्या प्रकृतीस्तव आसनव्यवस्था कायम ठेवली.’ आसनव्यवस्था हा शब्द मला आवडला.” मॅडमनी ड्रॉवरमधून राजीची जुनी फाइल काढली. “आता ही तुझीच अठ्ठावीस जोड्यांची नोंद. भडंग जिथं आहे, तिथं ती भडंगच घेते, कुठल्याही बाजूला असो. चेंडू आणि आरसा काय घेतला?”

“आरसा.”

“तो कुठं होता?”

“उजवीकडे.”

“मणी आणि चेंडू?”

“चेंडू. उजवीकडे.”

“घंटी आणि मणी?”

मी फाइल माझ्याकडे ओढली आणि बोट फिरवत खाली गेले. जिथं दोन्ही वस्तूंत तिला रस नव्हता, तिथं तिथं राजीनं उजवीकडची उचलली होती. ही नोंद माझ्याच अक्षरात होती.

“म्हणजे पद्मजाबाई नाही,” मी म्हणाले. “नऊ वेळा उजवीकडे याचा अर्थ, तिला दोघंही...”

“तसं आपण अजून म्हणायचं नाही. एक अहवाल घाईनं लिहून झालाय. राजी आहे कुठं सध्या?”

“पद्मजाबाईंकडे. नऊ दिवस झाले.”

“मग आता जोड्या-बिड्या काही मांडू नकोस. दोन्ही घरी जा, दीड-दीड तास बस आणि नुसतं बघ. ती आपणहून कुठं जाते, कुणापाशी थांबते, दर मिनिटाला एक खूण. तू काही द्यायचं नाही, विचारायचं नाही. जमेल ना?”

“जमेल.”

“तोंड बंद ठेवायचंय, म्हणून विचारलं,” मॅडम म्हणाल्या. “आणि जाशील तेव्हा आधी चूक सांग, मग वही काढ.”

त्याच संध्याकाळी मी पद्मजाबाईंच्या घरी गेले. त्यांनी राजीसाठी पुढची खोली रिकामी करून दिली होती. नवी चादर, भिंतीवर फुलांची चित्रं, कपाटावर मोठ्या अक्षरात ‘राजमती’ लिहिलेली पट्टी. मी खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. खुर्च्यांच्या बाजू बदलायच्या राहिल्या, त्यामुळे निकाल धरता येणार नाही, आणि चूक पूर्णपणे माझी आहे.

पद्मजाबाईंनी उठून भिंतीवरचं एक चित्र सरळ केलं.

“पेपर फुटला असता तर समजू शकले असते,” त्या म्हणाल्या. “तुमचा तर काढतानाच चुकलाय.”

“हो.”

“विद्यार्थ्याला पास म्हणून सांगितल्यावर त्याची मार्कलिस्ट परत मागायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. कसं करतात ते आज बघते.” त्यांच्या आवाजात धार होती, पण त्यांनी मला चहा दिला. मग म्हणाल्या, “बघा काय बघायचंय ते.”

राजी फाटकापाशी उभी होती. तिची कपड्यांची पिशवी तिच्या खांद्याला होती. नऊ दिवसांत ती पिशवी तिनं कुणाला उतरवू दिली नव्हती. पद्मजाबाई दर थोड्या वेळानं तिच्याकडे जात आणि बोलत. “राजी, हे बघ जास्वंद. लाल आहे ना? काल किती फुलं होती, आज किती झाली? आत येतेस? आपण भडंग खाऊ या, चल.” प्रेमानं बोलत, एकामागून एक, एकही चिडका शब्द नाही. आणि प्रत्येक वेळी, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला, राजी कानांवर हात ठेवी.

दीड तासांतला तासभर राजी फाटकाशी होती. तिच्या खोलीत ती एकदा गेली आणि लगेच बाहेर आली. मी वही मिटली, तेव्हा पद्मजाबाईंनी विचारलं, “काय दिसलं?”

“दुसरं घर बघितल्याशिवाय काही बोलणार नाही. यावेळी नाही.”

“शिकलात म्हणायच्या,” त्या म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी राजीला माझ्याबरोबर पाठवलं. अण्णा त्यांची जुनी व्हॅन घेऊन आले होते. ते साखर कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. गिरणी त्यांची बायको चालवायची. त्रिशलावहिनींना मी तोवर एकदाच पाहिलं होतं, केंद्रात. त्या बाहेरच्या बाकावर बसून होत्या आणि मी त्यांना पाणी हवं का, एवढंच विचारलं होतं.

घरी पोहोचलो तर गिरणी चालूच होती. रस्त्यावरूनच जमीन थरथरत असल्यासारखी वाटली. मला वाटलं, राजी आता कानांवर हात ठेवणार. राजी व्हॅनमधून उतरली, अण्णांच्या अंगावरून पुढे गेली आणि थेट गिरणीच्या खोलीत शिरली. तिनं खांद्यावरची पिशवी काढली, खुंटीला अडकवली आणि धान्याच्या पोत्यांवर जाऊन बसली.

त्रिशलावहिनी पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या, पापण्यांसकट. त्यांनी राजीकडे एकदा बघितलं, मानेनं ‘हं’ केलं आणि पुन्हा ज्वारीच्या डब्याकडे वळल्या. राजी थोड्या वेळानं उठून गिरणीच्या तोंडाशी गेली, पडत्या कोमट पिठाखाली तळहात धरला. वहिनींनी तिचा हात हलकेच बाजूला केला, डबा लावला. ती परत पोत्यावर. कुणी कुणाशी अक्षर बोललं नाही. बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. दळण न्यायला आलेल्या बायकासुद्धा खुणेनंच बोलत होत्या.

माझ्या वहीत नव्वद मिनिटांपैकी शहाऐंशी खुणा एकाच ओळीत पडल्या. राजीनं कानांवर एकदाही हात ठेवला नाही. अण्णा दारात येऊन तीनदा डोकावून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी मला खुणेनं विचारलं, काय निघालं? मी तोंडावर बोट ठेवलं.

गिरणी थांबल्यावर मी बाहेर जाऊन मुजावर मॅडमना फोन लावला. आवाज माझा मलाच मोठा वाटत होता. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “गिरणी आवडते की वहिनी?”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

“बघून ये,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर पुढच्या अहवालात ‘राजमतीनं गिरणीसोबत राहावं’ असं लिहिशील, आणि अण्णा गिरणीच पावतीसकट पद्मजाबाईंकडे पोहोचवतील.”

म्हणून मी अण्णांना अर्धा तास गिरणी चालवायला सांगितलं, आणि वहिनींना मागच्या अंगणात जायला. वहिनींनी कारण विचारलं नाही. त्या मागे जाऊन भांडी घासायला बसल्या. अण्णांनी गव्हाचं दळण लावलं. गिरणी तीच, थरथर तीच, पोती तीच. राजी दोन-तीन मिनिटं बसली. मग तिनं दाराकडे बघितलं, उठली, स्वयंपाकघरातून चालत मागच्या अंगणात गेली आणि वहिनींपासून हातभर अंतरावर दगडावर बसली. वहिनी भांडी घासत राहिल्या. एकदा त्यांनी वर बघितलं, ते राजीकडे नाही, गिरणीच्या आवाजाकडे.

“जाड पडतंय वो,” त्या आतल्या बाजूला हाक मारून म्हणाल्या. “तेवढं बघा.”

मी त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसले. “वहिनी, राजी तुमच्यापाशी येऊन बसते.”

“हां. बसती की.”

“तुम्ही कुणाला सांगितलं नाही?”

“कुणी इचारलं?” त्या साधेपणानं म्हणाल्या. “भावाबहिणींचं चाललंवतं. दोघांनी शब्द दिलेला. त्यात मी कशाला तोंड घालू?”

“तुम्ही काय वेगळं करता तिच्यासाठी?”

वहिनींनी तवा उलटा केला, विचार केला. “काय न्हाई बगा. मी तिच्याशी बोलत न्हाई. सासूबाईंना शेवटची धा वर्षं कायसुदीक ऐकू येत नव्हतं. त्या घरात बोलणारं हुतं कोण? दोघी आपापल्या गप्प ऱ्हायच्या. आता आमच्याकडं आली की हे बोलत्यात, वन्सं बोलत्यात, पावनं बोलत्यात. गिरणी लावली की समदी गप. तिला तेवढंच बरं वाटत आसंल.”

इतके दिवस आम्ही सगळे गिरणीला तिचा त्रास समजत होतो. मी वहीकडे बघितलं. मग मला मॅडमनी न सांगितलेला प्रश्न सुचला, आणि त्या वर्षात मला आपणहून सुचलेला बहुधा तो एकच नीट प्रश्न होता.

“वहिनी, आणि तुम्हाला चालेल का? राजी कायमची इथं राहिली तर?”

त्यांचे हात थांबले. गिरणी बंद झाली होती, आणि अण्णा अंगावरचं पीठ झटकत दारात येऊन उभे राहिले होते.

“तिला काय इचारताय,” अण्णा म्हणाले. “तिचं होच आसतंय.”

“अण्णा, मागच्या वेळी मी एका माणसाला विचारायचं विसरले,” मी म्हणाले. “आज थांबा जरा.”

वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले. घाई केली नाही.

“ठेवीन,” त्या म्हणाल्या. “पण मी ठेवती म्हणून ऱ्हाईल. ह्यांनी आईला शब्द दिला म्हणून नगं. आणि रविवारी दुपारी गिरणी बंद आसती, मला माहेरी जायचं आसतंय. बारा वर्षं झाली, दर रविवारी जाती. ते मी सोडणार न्हाई. तवा वन्संनी यावं.”

अण्णा बायकोकडे असे बघत राहिले, जणू ही बाई आपल्या घरात कधीपासून आहे हे त्यांना मोजायचं होतं.

पद्मजाबाईंना सांगायला मी मॅडमना बरोबर नेलं. मी सगळ्या खुणा दाखवल्या, दोन्ही घरच्या. त्यांनी वही स्वतःकडे घेतली, बेरजा तपासल्या. बेरजा बरोबर होत्या.

“मी नाही, अण्णा नाही,” त्या म्हणाल्या. “वहिनी. वहिनी तर तिच्याशी एक शब्द बोलत नाही.”

“हो,” मी म्हणाले.

“मी सकाळी सहापासून बोलते. शाळेतून आल्यावर परत बोलते. तिला एकटं वाटू नये म्हणून.” त्या थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते आम्हाला दिसू नयेत म्हणून त्यांनी वही चेहऱ्याजवळ धरली. “कानांवर हात ठेवल्याच्या खुणा किती आहेत?”

“अकरा.”

“मला वाटलं, बाहेरच्या गाड्यांमुळे ठेवते.”

मुजावर मॅडमनी त्यांच्या हातातून वही अलगद काढून घेतली. “बाई, तुम्हाला मूल निबंध लिहून आणतं तेव्हा तुम्ही त्यातल्या चुका बघता. ही तुमच्या बहिणीनं लिहिलेली पहिली ओळ आहे. आज नुसती वाचा.”

पद्मजाबाईंनी डोळे पुसले. “गणिताच्या बाईंना निबंध कोण आणून देतं,” त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघीही थोडं हसलो.

राजी जयसिंगपूरलाच राहिली. आज ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. अण्णा आता नाहीत. वहिनींनी गिरणीला विजेची नवी मोटर बसवली आहे, आणि दळणाचे डबे ओळीत लावायचं काम राजीचं आहे. पुढं मी खूप माणसांची आवड शोधली, पद्धती बदलल्या, कधी जोड्याही लावल्या. पण आता वही उघडण्याआधी मी दोन-तीन दिवस नुसती जाऊन बसते.

मला सांगायचं होतं ते सतरा वर्षांपूर्वीच्या, त्या भेटीनंतरच्या पहिल्या रविवारचं. पद्मजाबाई राजीसाठी पहिल्यांदा जयसिंगपूरला येणार होत्या, आणि त्यांनी मला सोबत यायला सांगितलं होतं. वहिनींना माहेरी निघायला तासभर होता, शेवटची दळणं चालू होती. पद्मजाबाई इस्त्रीच्या साडीत गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या. राजी पोत्यांवर बसली होती. बहिणीला बघून तिचे हात कानांकडे जायला लागले.

पद्मजाबाईंनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. त्या आत गेल्या आणि राजीपासून दोन पोती सोडून बसल्या. हात मांडीवर, पाठ ताठ. पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. त्यांच्या काळ्या केसांवर हळूहळू पीठ बसत गेलं, साडीवर बसलं, चष्म्यावर बसलं. त्यांनी ते पुसलं नाही.

मग राजीनं, त्यांच्याकडे न बघता, थोडं सरकून आपल्या पोत्यावर जागा केली.